आईच्या अंगणातली गुळवेल

वाशिमजवळच्या एका लहानशा आयुर्वेदिक कारखान्यात मी औषधं तपासते. गुळवेलीच्या चूर्णासाठी आपले पक्के निकष ठरवायचे, हे काम मालकांनी माझ्या गळ्यात मारलं. ओलावा किती चालेल, जाळल्यावर राख किती उरावी, जंतू किती. त्यासाठी चार गावांची गुळवेल मागवली. आसेगावची तर मी हौसेनं मागवली, कारण ती माझ्या आईच्या बचत गटाची होती.

नेमकी तिचीच नापास झाली! पुन्हा तपासून पाहिली, तरी तेच. काचेच्या ताटलीत जंतूंचे ठिपके एवढे उगवले की मोजायची सोय नाही. माझं डोकंच फिरलं. बाकीच्यांनी पत्र्यावर वाळवलं, पोत्यावर वाळवलं, त्यावरून कोंबड्या फिरल्या असतील, ते सगळे पास. आणि जिच्या घरात पाण्याच्या माठाला कुणी न धुतलेला हात लावला तर घर डोक्यावर घेते, ती माझी आई नापास?

रविवारी गावी गेले. अंगणात पाय टाकला आणि कपाळावर हात मारून घेतला. ताजं, ओलं सारवण, त्यावर बोटांच्या रेघा, आणि त्या रेघांवर गुळवेलीचे तुकडे नीट मांडून ठेवलेले.

"हे कायनं सारवलं व माय?"

"शेनानं! आनखी कायनं सारवतात? औषिद हाय ते, बिमार मानूस खाईन. धुळीत टाकू का?"

गटातल्या सगळ्या बायकांना तिनंच हे शिकवलं होतं. आधी सारवायचं, मगच औषध पसरायचं.

माल परत पाठवणं सोपं होतं, त्याचं मला काही नव्हतं. पण हिला सांगायचं कसं? वस्तीत कुणाला ताप आला की माणसं आधी हिच्या दारात येतात. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच मी मोडला तर? तरी सांगितलं. ओल्या शेणातले जंतू ओल्या तुकड्यांत शिरतात, म्हणाले.

"जंतू? मले तं एक बी दिसून नाही राह्यला."

मी मोबाइलमधला ताटलीचा फोटो दाखवला. तिनं तो आधी लांब धरला, मग जवळ.

"हे माह्या अंगनातलं?"

"हाव."

मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, बाज ओढून आणली, तिच्यावर धुतलेलं लुगडं अंथरलं. "पुढचा माल याच्यावर टाकू का?" मी हो म्हणाले. मग आम्ही दोघी खाली बसून ते तुकडे फेकायला टोपलीत भरू लागलो. टोपली भरत आली तशी ती थांबली.

"तुह्या बाबाले मी हेच पाजलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "त्या शेवटच्या तापात. याच अंगनात वाळवलेली गुळवेल."

बापरे! हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी टोपली बाजूला सारली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"माय, इकडं पाह्य. आमचं चूर्न लोक कच्चंच खातात, म्हून हा सारा खटाटोप. तू तं काढा करत होती ना? उकळल्यावर मरतात ते."

"सारे?"

कारखान्यात हा शब्द मी कुणाला लिहू देत नाही. शेणातले काही जंतू असे चिवट असतात की उकळीलाही दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी आमच्याकडं वेगळी तपासणी आहे, आणि ती मीच करते.

"सारे," मी म्हणाले.

तिनं पदरानं नाक पुसलं.

"लय उकळलं होतं मी," ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर आटवलं होतं."

"हाव माय. मले मालूम हाय."