कृष्णातचा कान

आमच्या कोल्हापुरात पंक ऐकणारी माणसं होती असं सांगितलं की आजची पोरं माझ्याकडं कीव आल्यासारखी बघतात. यांना वाटतं, इथं कुस्ती, फुटबॉल आणि तांबडा-पांढरा यापलीकडं कुणाला काही कळतच नव्हतं. कळत होतं. मोजून अकरा जण होतो आम्ही, आणि त्यातला सगळ्यात कडवा म्हणजे उद्यमनगरातल्या कारखान्यात लोखंड कातणारा लेथवाला कृष्णात पोवार.

मी सोमेश. मंगळवार पेठेत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आता त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतो. सत्त्याण्णव साली माझा बेळगावचा मामेभाऊ महांतेश बंगळूरहून येताना दोन परदेशी कॅसेटी घेऊन आला. कुठल्याशा लांबच्या गावात चार पोरांनी घराशेजारच्या गॅरेजात वाजवलेली गाणी. गिटारचे तीन सूर, मागं ड्रमचा दणका आणि पुढं एक जण जिवाच्या आकांतानं ओरडतोय. मी ती दुकानात लावली, तेव्हा आतून आई कन्नडमध्ये ओरडली की बंद कर, नाहीतर मी माहेरी जाते. नेमका त्याच वेळी कृष्णात मावशीसाठी अभंगांची कॅसेट भरून घ्यायला आला होता. तेवीस वर्षांचा होता तेव्हा. नखांत ग्रीस, खिशात मोजपट्टी. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला.

"सोम्या, ही कोण माणसं?"

"पंक म्हणत्यात त्याला. गॅरेजातली पोरं हाईत."

"आपल्यासारखीच की मग. परत लाव."

मी चार वेळा लावलं. अभंगांचं तो विसरूनच गेला.

नंतर एकेक जण जमत गेला. एक पोस्टमन होता, तो टपाल टाकताना दाराशी गुणगुणायचा आणि याला काहीतरी होतंय असं वाटून बायका त्याला पाणी विचारायच्या. आजऱ्याच्या काजू कारखान्यात भाजणीवर असलेला केरबा दर दुसऱ्या शनिवारी एसटीनं यायचा, कोरी कॅसेट शर्टाच्या आत घालून, आणि माझ्यासाठी कागदाच्या पुडीत काजूतुकडा आणायचा. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. शब्द कानावर पडतील तसे आम्ही देवनागरीत वहीत उतरवायचो आणि कुणाची वही खरी यावरून भांडायचो. पेठेतल्या तालमी फुटबॉलवरून भांडतात ना, तशी. एकदा एका शब्दावरून केरबा आणि पोस्टमन महिनाभर बोलत नव्हते. तो शब्द काय होता ते आजही कुणाला माहीत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो, कारण ती मी फार दिवस लपवली.

महांतेश आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात माझा कॅसेट वाजवायचा डेक बंद पडला. मोटरवरची, बेल्ट फिरवणारी छोटी पुली फुटली होती. मुंबईहून नवी मागवायची तर महिना गेला असता, आणि पहिले तीन-चार जण दारात कोऱ्या कॅसेटी घेऊन उभे. कृष्णात म्हणाला, पुलीच ना, मी काढतो. उद्यमनगरात ही रीतच आहे. जगात कुठं का बनलेलं असेना, तुटलं की लेथवर धरायचं. त्यानं फुटक्या पुलीचं माप घेतलं आणि तासाभरात पितळेची सुरेख पुली कातून आणली. सोन्यासारखी चमकत होती.

"झिजायला धरून जरा जादा ठेवलंय," तो म्हणाला. "घासून घासून मापात बसंल."

गुऱ्हाळाच्या चरकाचे आणि ऑइल इंजिनचे भाग काढण्यात त्याचा हात बसलेला. तिथं असं जादा ठेवलं नाही तर शेतकरी वर्षभरात शिव्या देत परत येतो. माझ्या डेकवर मात्र त्या जादा पाऊण मिलिमीटरनं एकच काम केलं. पुली मोठी म्हणून बेल्ट जोरात फिरला, आणि डेक पळायला लागला. तीन मिनिटांचं गाणं पावणेतीनलाच आटपायचं, आणि ओरडणाऱ्याचा आवाज आणखी वर चढायचा. त्या डेकवरून भरलेली प्रत्येक कॅसेट तशीच झाली. आमच्या अकरा जणांना वाटलं, पंक म्हणजे हेच. पहिल्या दिवशी चार वेळा ऐकलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय?

मला कळलं ते दोन महिन्यांनी. गल्लीतली चिमणाबाई अभंगांची कॅसेट परत घेऊन आली आणि म्हणाली, "बुवास्नी गाडी चुकायलीया काय रं? कसं पळत म्हनत्यात." मी घड्याळ लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. अभंगांसाठी दुसरा डेक आणला. पंकसाठी तोच ठेवला. का, ते खरं सांगतो. एक तर कॅसेटच्या एका बाजूला आख्खं एक गाणं जास्त मावायचं आणि पोरं खूश व्हायची. दुसरं म्हणजे कृष्णातला मापावरून बोललेलं सोसायचं नाही. त्यासाठी त्यानं सख्ख्या मेहुण्याला आपल्या लेथच्या शेडबाहेर काढलेलं मी बघितलं होतं. आणि तिसरं, मला ते तसंच आवडायला लागलं होतं.

पुढं आमचाही बँड निघाला. सुट्टीच्या दिवशी कृष्णातच्या शेडमध्ये, दोन लेथ आणि एका ड्रिल मशीनच्या मधे. ड्रम म्हणून तालमीतला ताशा आणि तेलाचं पिंप. गिटार कृष्णात वाजवायचा. कॅसेटच्या सुराला सूर लावायचा म्हणून तो तारा पिळत जायचा, पिळत जायचा, आणि तार तटकन तुटायची. मग तो तारा बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मी पिंपामागं बसून खाली मान घालून हसायचो. हसायला नको होतं, आता कळतं. गणपतीत एकदा आम्ही मंडळाच्या स्टेजवर वाजवलं, तर सहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी वायर उपटली. लोक म्हणाले, ही पोरं हलगीलासुद्धा मागं टाकत्यात. तेवढी शाबासकी आम्हाला वर्षभर पुरली. ते दिवस अजून आठवतात, खोटं कशाला बोलू.

मग सीडी आली, लग्नं झाली, केरबा गोव्याला गेला, पोस्टमनची बदली झाली. डेक माझ्या माळ्यावर गेला. कृष्णातच्या घरच्या कॅसेटींना बुरशी धरली आणि बायकोनं त्या एका दिवाळीला काढून टाकल्या. पण गाणी त्याच्या डोक्यात होती. लेथवर काम करताना तो तोंडानं ड्रम वाजवायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांना ती गाणी न ऐकताच पाठ झाली होती.

यंदा मार्चमध्ये त्याला पन्नास पूर्ण झाली. मुलगी स्नेहल पुण्यात नोकरीला आहे. तिनं बापाला एक स्पीकर आणला, आणि कुठून कुठून शोधून ती सगळी गाणी फोनवर घालून दिली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की कृष्णात दुकानाकडं यायचा बंद झाला. फोन केला की म्हणायचा, काम हाय.

मग जूनमध्ये एका मंगळवारी स्नेहल माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून रडायलाच लागली.

"काका, पप्पा लेथ विकायल्यात. मुरगूडचं गिऱ्हाईक हाय. परवा टेम्पो येतोय."

"का गं?"

"म्हणत्यात, कान गेला. मी दिलेली गाणी लावली तर पहिल्याच गाण्याला तोंड उतरलं. म्हणाले, गाणं रेंगाळत ऐकू यायलंय, आवाज बसल्यागत येतोय. डॉक्टरांनी कान तपासला, काय न्हाय म्हणाले. तर म्हणत्यात, त्यांच्या मशिनीत नुस्तं टूं टूं वाजतंय, त्यास्नी काय कळणार."

लेथवाल्याचा कान म्हणजे काय ते सांगायला हवं. पातं लोखंडाला कसं लागलंय हे कृष्णात डोळ्यांनी बघत नाही, आवाजावरून ओळखतो. आवाज फाटला की हात मागं. कानावरचा भरवसा उडाला तेव्हापासून तो पातं लावायलाच कचरत होता, आणि गेल्या महिन्यात त्यानं एक मोठा शाफ्ट वाया घालवला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. बाकीची गाणी त्यानं कधी कान देऊन ऐकलीच नव्हती, त्यामुळं ताडून बघायलाही त्याच्याकडं काही नव्हतं. ही गाणी हेच त्याचं माप होतं.

 तिला घरी पाठवून मीही घरी गेलो आणि माळ्यावरून डेक काढला. आतला बेल्ट विरघळून डांबरासारखा चिकटला होता. तो खरवडून नवा घातला आणि बुधवारी दुपारी महांतेशच्या त्या मूळ कॅसेटीसकट शेडमध्ये जाऊन उभा राहिलो.

लेथ पुसून, ग्रीस लावून, ताडपत्रीनं बांधून ठेवलेला होता. कृष्णात शेजारी खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली.

"हे भंगार कशाला आणलंस?"

मी डेक चालू केला. पहिला दणका बसला आणि कृष्णात खुर्चीतून उठला. पाय हलायला लागला. हात ताडपत्रीवर ड्रम वाजवायला लागला.

"हेच," तो म्हणाला. "हेच की. सोम्या, मला ऐकू यायलंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी डेक बंद केला आणि तेच गाणं फोनवर लावलं. तो थांबला. परत डेक. परत फोन. तिसऱ्या खेपेला त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, डेक उघडला आणि पुली काढून मायक्रोमीटरमध्ये धरली.

"दहा पॉईंट पंच्याहत्तर," तो म्हणाला. जुनं माप मी सांगायची गरज नव्हती, ते त्याच्या डोक्यात होतं. "दहाची हुती."

"झिजायला धरलं हुतंस तू."

"पितळ झिजंलच की."

"रबराच्या बेल्टानं पितळ न्हाय झिजत, कृष्णात."

त्यानं पुली उजेडात धरली. केसभरसुद्धा झिजली नव्हती.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"त्याच साली कळलंतं. म्हटलं, तुला सांगून तू ऐकून घेणार हाईस व्हय?"

मला वाटलं, आता मायक्रोमीटर डोक्यात घालतो. घातला असता तरी मी हललो नसतो. चार महिने हा माणूस स्वतःच्या कानाला घाबरून बसला होता, आणि त्याला सोडवणारं एक वाक्य सत्तावीस वर्षं माझ्या तोंडात होतं. पण त्यानं पुली टेबलावर ठेवली, हात फडक्याला पुसले आणि फोन लावला.

"पावणं, मी पोवार बोलतोय, उद्यमनगरातनं. उद्या टेम्पो आणू नगा. लेथ द्यायचा न्हाय." पलीकडून आवाज चढला. कृष्णातनं ऐकून घेतलं. "न्हाय, दुसरं गिऱ्हाईक न्हाय. पैशाचं बी न्हाय. माझंच माप चुकलंतं."

पलीकडच्याला ते कळलं नसावं, कारण कृष्णातनं तेच पुन्हा सावकाश सांगितलं, आणि मला त्याच्याकडं बघवलं नाही.