दिवसा झोपणाऱ्याची जागा

सदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या एका सभागृहात माईकशी झटत होतो. संध्याकाळी कुणाचा तरी सत्कार, निवेदक अस्मादिक. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन..." असं रिकाम्या खुर्च्यांना ऐकवत असताना खिशातला फोन वाजला आणि सुलूवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." माईक चालू होता. "गेले?" हा माझा शब्द सगळ्या स्पीकरमधून घुमून माझ्याच अंगावर आला. माणसांची ओळख करून देण्यावर माझं पोट चालतं. कुणी समोर उभा राहिला की मी विशेषणांची माळ घेऊन तयार असतो. त्या दिवशी मात्र एकही विशेषण हाताला लागेना. आता महिना उलटून गेला. अजून लागलेलं नाही, म्हणून नुसतं जे घडलं ते सांगतो.

सदानंद गावडे, राहणार लालबाग. छोट्या घरांसाठी घडीचे पलंग, घडीची टेबलं, भिंतीत गडप होणारी कपाटं बनवणारा कारागीर. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, पण आम्ही एकाच मजल्यावरचे, त्यामुळे अरेतुरेच चालायचं. मला तो "नाटक्या" म्हणायचा. संपाच्या आधी तो गिरणीत फिटर होता आणि त्याचे वडील, आबा, त्याच गिरणीत साळखात्यात मागावर. आबांची रातपाळी, तीसेक वर्षं. खोली दहा बाय बारा, त्यात एक लोखंडी खाट. रात्री आबा कामावर गेले की खाट सदू आणि सुलूवहिनींची; सकाळी आबा आले की चहा, आंघोळ, आणि खाट आबांची. दुपारी तीनपर्यंत त्यांच्या घोरण्यावर मजल्याने घड्याळ लावावं. ती खाट कधी थंड झालीच नाही.

मग ब्याऐंशीचा संप आला. पहिले दोन महिने सगळे जोरात होते, आज मिटेल, उद्या मिटेल... मग आवाज हळूहळू खाली आले. वहिनींनी परकर शिवायचं काम घरी आणलं. मशीन ठेवायला जागा नाही, म्हणून त्या गॅलरीत बसून शिवत आणि येणारे-जाणारे त्यांच्या पाठीला गुडघे घासून जात. सदूला ते बघवेना. भंगारातून त्याने अँगल आणले, पुली आणली, मागाची जुनी वजनं आणली, आणि आठ दिवस ठोकाठोक करून भिंतीला एक पलंग बसवला. सकाळी एका बोटाने वर ढकलायचा, तो भिंतीला चिकटून उभा राहणार. त्याच्या पोटातून एक फळी खाली यायची, त्यावर वहिनींचं मशीन. काय थाट होता! अख्खी चाळ रांग लावून बघायला आली. मी दारात उभा राहून पुकारा करत होतो, "या, या, पलंग गायब, टेबल हजर!" त्याच आठवड्यात सदूला तीन घरची कामं मिळाली. संपात सगळ्यांचे हात रिकामे असताना एकाच्या हाताला काम लागलं, याचा आनंद काय असतो ते त्या दिवसांतल्या माणसालाच कळेल.

आता पाळीच राहिली नाही, तर आबा सगळ्यांसारखे रात्री झोपतील, असा सदूचा साधा विचार होता. त्यात चूक काय होती, मला आजही सांगता यायचं नाही. पण तीस वर्षांची झोप संपात सामील झाली नव्हती. आबा रात्रभर टक्क जागे, गॅलरीत विडी ओढत. सकाळी डोळे मिटायला लागले की पलंग भिंतीवर आणि सुलूवहिनींचं मशीन सुरू. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे बघून म्हणाले, "झकास केलंस," आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले. दिवसेंदिवस बसले. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला वारा बरा वाटतो. मी तर एकदा मोठ्याने म्हणालो, "आबा, तुम्हाला चाळीचा वॉचमन नेमलाय का?" सगळे हसले. आबाही हसले... हा विनोद मी आयुष्यात केला नसता तर बरं झालं असतं.

पावसाळ्यानंतर सदू एकदा हातगाडीवर माल घेऊन परळकडे निघाला होता. भर दुपार. बंद गिरणीच्या फाटकाशी भिंतीची सावली पडलेली, तिथे काही कामगार पत्ते कुटत होते. त्यांच्यापलीकडे वर्तमानपत्र अंथरून, चपला उशाला घेऊन एक माणूस गाढ झोपला होता. सदू दोन पावलं पुढे गेला आणि परत फिरला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवलं. "झोपू दे त्यांना. रोज येतात. आता भोंगा कुठे होतोय, तीन वाजता मीच उठवतो." सदूने विचारलं, "घर नाही का यांना?" पहारेकरी म्हणाला, "असेल. विचारलं तर म्हणतात, घरात काम चालू आहे."

सदूने आबांना उठवलं नाही. घरी येऊन पलंग खाली पाडला आणि पुन्हा वर जाऊ नये म्हणून स्क्रू मारून टाकला. दुसऱ्या दिवशी आबांनी तो पाहिला. "सुलूचं मशीन खंय ठेवतलंस?" एवढंच विचारलं, आणि चार दिवसांनी कोकणात गावी निघून गेले. भांडण नाही, रुसवा नाही. जाताना मला म्हणाले, "वॉचमन रजेवर चाललो, काय!"

पुढचे दोन महिने सदूने गिऱ्हाइकांना थोपवून एकच काम केलं. नवा पलंग, दोन मजली. वरचा रात्रीचा, भिंतीला लागणारा. खालचा मशीनच्या फळीच्या मागे, कायम अंथरलेला, तीन बाजूंनी जाड पडदा, आत उजेड येणार नाही, मशीनचा आवाज दबावा म्हणून फळीखाली गोधडीची घडी. एक माणूस दिवसा झोपू शकेल एवढीच जागा. ते झाल्यावर एसटी पकडून तो आबांना आणायला गेला. घरापुढच्या खळ्यात काडीने रेघा ओढून सगळी रचना त्यांना समजावून सांगितली. आबांनी दोन-तीन शंका विचारल्या, फिटरच्या बापाला शोभतील अशा. मग म्हणाले, "बरां केलंस, झिला. पण माका आता हंय रातीची झोप लागता." सदूला इतकं हलकं वाटलं... सकाळी निघताना गावच्या घरातल्या काकीने त्याला पाणंदीत गाठून सांगितलं, "खंयची झोप! रातभर खळ्यात फेरे मारता तो." सदू मागे वळून विचारू शकला असता. नाही विचारलं. बापाने त्याच्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं, ते मोडायचं कसं? वर्षभराने आबा गावीच वारले. खालच्या पलंगावर कुणी झोपलं नाही. वहिनी चादर बदलत राहिल्या.

त्यानंतर सदूने कामाची जी रीत धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. काम मिळालं की आधी टेप न्यायची नाही. त्या घरी पहाटे जाऊन संध्याकाळपर्यंत नुसतं बसायचं. लोक म्हणायचे, "गावडे, माप कधी घेताय?" हा म्हणायचा, "घेतोय की." दादरला एका घरात कपाट करायचं होतं, भिंत पूर्ण मोकळी. हा दिवसभर बसला आणि सहा इंच अरुंद कपाट करून आला. घरमालक भडकला. सदू म्हणाला, "तुमच्या वहिनी दुपारी भांडी झाल्यावर दहा मिनिटं त्या कोपऱ्याला टेकून उभ्या राहतात. त्यांना टेकायला जागा ठेवलीय." घरमालकाने वळून आपल्या भावजयीकडे पाहिलं. त्याला हे माहीतच नव्हतं. त्या आत निघून गेल्या.

एका फर्निचरवाल्याने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला होता, एकसारखे हजार पलंग बनवायचे. मी म्हटलं, "अरे, सोनं चालून आलंय!" तर म्हणाला, "नाटक्या, हजार खोल्यांत जाऊन बसायला माझ्याकडे आयुष्य किती आहे?" हट्टी होता. थोडा मोठा झाला असता तर चार माणसांना काम देऊ शकला असता, हे मी त्याला भांडून सांगितलं होतं आणि आजही माझं तेच मत आहे.

एकदा मात्र मी त्याला स्टेजवर चढवलाच. दक्षिण मुंबईतल्या एका संस्थेत, नव्याने धंदा करू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर, अनुभवी उद्योजकांची भाषणं होती. बाकीच्यांनी आपण कसे वर आलो ते सांगितलं. मी सदूची ओळख "गिरणगावचा जादूगार" वगैरे करून दिली. तो उठला, माझ्याकडे रागाने बघितलं आणि आबांची गोष्ट सांगितली. फाटकाची, पहारेकऱ्याची, सगळी. मीही ती तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण ऐकली. एका मुलीने विचारलं, "मग सर, नवीन वस्तू बनवताना गिऱ्हाइकाला नेमकं काय विचारायचं?" सदू म्हणाला, "पैसे देणारा बोलतोच, बाळा. घरात जो बोलत नाही तो आपला गिऱ्हाईक. त्याला विचारूनही कळत नाही. बसावं लागतं." टाळ्या पडल्या नाहीत. पुढचं नाव पुकारायचं होतं, आणि मला ते आठवेना.

त्याच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी चाळीत गेलो. शोकसभेत बोलायचं होतं, वहिनींकडून चार गोष्टी विचारून घ्याव्या म्हणून. जिन्यातूनच हाक मारणार तोच वहिनी दारात आल्या आणि त्यांनी हाताने मला थांबवलं. "हळू. आत कदमांची सून झोपलीय." शेजारच्या कदमांची सून परळच्या एका इस्पितळात नर्स आहे, रातपाळीला. मी दारातून पाहिलं. खालच्या पलंगाचे पडदे ओढलेले, बाहेर तिच्या चपला.

आम्ही गॅलरीत बसलो. वहिनी कुजबुजत सांगत होत्या, "यांनीच बोलावलं तिला. भिंतीपलीकडून पोरांचा दंगा ऐकायचे ना आजारपणात दिवसभर पडल्या पडल्या. एक दिवस म्हणाले, सुलू, ती पोरगी झोपत नाहीये. बोलत नाही, पण झोपत नाहीये. जागा रिकामी आहे म्हणून सांग तिला." मी विचारलं, "आणि सदू दिवसा कुठे झोपायचा?" "खाली जमिनीवर, दाराशी. खोकल्याची उबळ आली की तोंडात टॉवेल धरायचे. मी चिडायचे. हे म्हणायचे, तिला उठायला अजून वेळ आहे."

मी काहीतरी बोलणार होतो. मला गप्प करायला आयोजकांना चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात, हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्यात खाली चौकात लसूणवाला ओरडत आला. वहिनींनी कठड्यावरून वाकून नुसता तळहात दाखवला. त्याने वर पाहिलं, अर्धी हाक गिळली आणि गाडी हळूहळू ढकलत चाळीच्या बाहेर नेली.

आम्ही तसेच बसून राहिलो, ती उठेपर्यंत.