उस्तादांची आठ पावलं

उस्ताद पडले ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर ते सांगतील, आणि त्यांच्या सांगण्यात मी जरा जास्तच नालायक दिसतो.

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, एक त्यांचं आणि एक माझं. त्या सकाळी उस्ताद दुधाची किटली घेऊन जिना चढून आले आणि आपल्या दाराकडे निघाले. मी माझं दार उघडलं, समोर त्यांची ती ताठ पाठ दिसली आणि मला थट्टेची लहर आली. पोट आत ओढून मी खच्चून ओरडलो, "पीछे मुड!"

सैन्यात कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. या माणसाने ती अठ्ठावीस वर्षं शिकवली. वय आता अठ्ठ्याहत्तर, पण हुकूम कानात शिरला की मेंदूकडे न जाता थेट टाचेत उतरतो. उजवी टाच, डावा चवडा, गर्रकन वळण आणि मग पाय आपटून सावधान. या वेळी पाय आपटायची पाळीच आली नाही. उस्ताद आडवे, किटली तिसऱ्या पायरीवर आणि दूध माझ्या उंबऱ्यापर्यंत.

डावं मनगट मोडलं होतं. तशा अवस्थेत ते मला म्हणाले, "हुकूम चुकीच्या पायावर दिलात, कारकून."

टपाल खात्यात माझी हयात गेली, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव तेच.

संध्याकाळी त्यांची मुलगी आली. ती दुसऱ्या गावी शाळेत मुख्याध्यापिका आहे. बापाचा ताठ कणा आणि बापाचाच आवाज.

"बाबा, हे वर्षातलं तिसरं."

"पहिलं. आधीच्या दोन्ही वेळी मी नुसता बसलो होतो."

"न्हाणीघरात?"

"जिथे जागा मिळाली तिथे."

"चौथ्यांदा मी फोनवर ऐकून घेणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

मुलगी गुणाची, जावई भला, सगळं खरं. पण रात्री उस्ताद मला म्हणाले, "तिच्याकडे मी पाहुणा. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही." या दोन खोल्यांत ते स्वतःच स्वतःला कामं सांगत आणि स्वतःच ती तपासत. ते गेलं की काय उरणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि आता मलाही.

शेवटी तह झाला. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये इस्पितळाच्या एक बाई म्हाताऱ्यांना न पडण्याचं शिक्षण देत. मंगळवार आणि शुक्रवार, दहा आठवडे, शेवटी परीक्षा. पास झाले तर राहतील, नापास झाले तर ट्रंक उचलायची. "आणि काका," मुलगी माझ्याकडे वळली, "तुम्ही पाडलंत, तुम्हीच न्यायचं."

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं?" पंधरा माजी सैनिक पुतळ्यासारखे बसून राहिले. एकही हात वर नाही. बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बरं, अचानक खाली कोण कोण बसलं?" तेव्हा तेरा हात वर झाले. चौदावा प्लास्टरमध्ये होता, म्हणून उस्तादांनी उजवा वर केला.

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. अंथरुणातून उठलं की काठावर बसायचं, दहा मोजायचे, मग उभं राहायचं. गोळी घेतल्यावर गरगरतं ते डॉक्टरांना सांगायचं, मर्दानगी म्हणून गिळायचं नाही. चष्म्याचा नंबर तपासायचा. ढिल्या सपाता फेकून द्यायच्या. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं.

उस्तादांनी यातलं सगळं केलं. दूध तापत ठेवायचे आणि ते उतू जायच्या बेताला येईपर्यंत आधी उजव्या, मग डाव्या पायावर उभे राहायचे. दूध एकदाही उतू गेलं नाही.

चौथ्या आठवड्यात बाई घर बघायला आल्या. आयुष्यभर बराकीत दुसऱ्यांच्या खाटा तपासलेला माणूस दाराशी सावधानमध्ये उभा. बाईंनी वाटेतली वायर भिंतीला लावायला सांगितली, न्हाणीघरात आणि बाहेर जिन्यापासून दारापर्यंत धरायला दांडा बसवायला सांगितला, आणि मग खाली पाहिलं. उस्ताद दर रविवारी फरशीला मेण घासत.

"यात चेहरा दिसतो, उस्ताद."

"दिसायलाच हवा."

"पडताना फार जवळून दिसतो."

मेणाचा डबा त्या दिवशी माझ्या माळ्यावर आला. अजून आहे.

घोडं अडलं ते वळण्यापाशी. बाई म्हणाल्या, टाचेवर गिरकी घ्यायची नाही. पाय फाकवून ठेवायचे, बारीक बारीक पावलं टाकायची, आणि जागच्या जागी हळूहळू तोंड फिरवायचं.

"याला आमच्याकडे बदक म्हणतात," उस्ताद म्हणाले.

"हजर, उस्ताद," मागच्या रांगेतून आवाज आला.

तिथे सत्तरीचा एक गोल, हसरा गृहस्थ बसला होता. पन्नास वर्षांपूर्वी तो उस्तादांच्या हाताखाली रंगरूट होता. असाच बारीक पावलं टाकत वळतो म्हणून उस्तादांनीच त्याचं नाव बदक ठेवलं होतं, आणि बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर पेलत त्याला मैदानाभोवती किती फेऱ्या मारायला लावल्या याचा हिशेब दोघांपैकी कोणाकडेच नव्हता. बाईंनी त्याला पुढे बोलावून वळायला लावलं. हॉलमधला तोच एक जण गेल्या वर्षी पडलाही नव्हता आणि बसलाही नव्हता.

"बघा, असं," बाई म्हणाल्या.

उस्तादांनी बघितलं. सगळं बघितलं आणि घरी येताना मला म्हणाले, "बाकी काय सांगाल ते करीन. या वयात बदक होणार नाही."

सातवा आठवडा संपला तरी त्यांची टाच गिरकी घेतच होती. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असेच वळले तर मी पास करणार नाही. माझी झोप उडाली. पाडणारा मी आणि घर सुटणार त्यांचं.

मी दुसरं काही सुचेना म्हणून बदकाच्या घरी गेलो. दुसऱ्या दुपारी तो उस्तादांच्या दारात उभा राहिला. आत बसायलाही तयार नाही.

"उस्ताद, मला वळायला शिकवण्यात तुम्ही तीन महिने घालवलेत."

"फुकट गेले."

"गेले. पण मी शिकलो नाही तरी तुम्ही मला हाकललं नाहीत. आता मला तीन दिवस द्या."

उस्तादांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "याची गिनती काय?"

"कसली गिनती?"

"गिनतीशिवाय हालचाल म्हणजे गर्दी. पावलं किती?"

बदकाने कधी मोजलीच नव्हती. त्याने तिथेच व्हरांड्यात वळून दाखवलं आणि आम्ही तिघांनी मोजली. आठ.

"मग आठ," उस्ताद म्हणाले. "मोजून सांग. आवाज पोटातून काढ."

तीन दिवस आमच्या मजल्यावर आठाच्या पुढे आकडा ऐकू आला नाही. बदक हुकूम देई आणि उस्ताद त्याच्या आवाजाला नावं ठेवत वळत.

परीक्षा साधी होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वेळ बारा सेकंद. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. उस्ताद उठले, गेले, पट्टीशी थांबले. त्यांची उजवी टाच जमिनीवर दाबली गेली. मग ओठ हलले आणि पावलं पडू लागली, बारीक, सारखी, एकामागून एक. बसले तेव्हा बाईंच्या घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

"पास," बाई म्हणाल्या. बदकाने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला.

मुलगी मात्र घरी आल्यावर म्हणाली, "तिथे ठीक आहे, बाबा. बाई समोर होत्या, लक्ष होतं. घरी बेसावध असताना मागून कोणी हाक मारली तर?" कोणी म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. "मी उद्या सकाळी ठरवते." तिने आधीच अर्धी भरून ठेवलेली ट्रंक दाराबाहेरच राहिली.

सकाळी उस्ताद किटली घेऊन वर आले. मुलगी त्यांच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती मला दिसलीच नाही. आदल्या दिवशी उस्ताद चष्मा माझ्याकडे विसरले होते, तो हातात घेऊन मी लगबगीने बाहेर आलो आणि तोंडातून निघून गेलं, "उस्ताद!"

निघाल्यावर कळलं, पण निघालं ते निघालं.

पाठ जागच्या जागी थांबली. हात दांड्यावर गेला. दोन्ही पाय फाकले, किटलीतलं दूध एकदा हललं आणि शांत झालं. बस. मान नाही, खांदा नाही, टाच तर नाहीच.

मुलीने त्या पायांकडे पाहिलं. मग खाली वाकून ट्रंकेची कडी धरली आणि ती आत ओढून घेतली.

मी चष्मा धरून तसाच उभा. शेवटी विचारलं, "काय हो उस्ताद, वळायचं नाही का?"

"काम तुमचं आहे, तुम्ही पुढे या."