जजसाहेबांची फार स्वच्छ डायरी

नऊ वर्षांच्या नोंदींची डायरी, आणि शाईचा एक डाग नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला पहिल्या पानालाच वाटलं.

जुने कागद खरे की बनावट हे तपासणं माझं काम. ही डायरी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जजची. अमेरिकेत पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत तो आधी वकील होता, मग जज झाला आणि 'सर्किट' करू लागला, म्हणजे घोड्यावरून गावोगाव जाऊन कोर्ट भरवायचं. त्यानं एका मजुराला फाशी दिली. मजूर नंतर निर्दोष निघाला. म्हणून आता त्या गावच्या कोर्टाच्या इमारतीवरून जजचं नाव काढायचं चाललं होतं. ते वाचवायला त्याची पणती, ऐंशीच्या मिसेस हॉलिस, डायरी घेऊन पार्सिपनीच्या आमच्या लॅबमध्ये आल्या. शिक्षा सुनावून पणजोबा रडले, असं तीत लिहिलं होतं.

बॉस डेव्हिड म्हणाला, "फेक आहे. रिपोर्ट क्लोज कर."

"दोन दिवस दे."

शंका मलाही होतीच. घोड्यावरून उतरून गारठलेल्या बोटांनी लिहिलेलं अक्षर इतकं एकसारखं येत नाही. पण एका पानावर तीच ओळ दोनदा लिहून खोडलेली दिसली. पुढे अशा आणखी सहा जागा. शाळेत शिक्षा म्हणून धडा दहादा उतरवताना माझी अशीच ओळ चुकायची. मनानं लिहिणाऱ्याची ओळ चुकत नाही, उतरवणाऱ्याची चुकते. म्हणजे ही नक्कल होती, आणि मूळ डायरी खरंच होती. मला मनापासून बरं वाटलं.

मग फाशीचं पान भिंगाखाली घेतलं. तिथे ओळ चुकली नव्हती, शब्द बदलले होते. 'वाईट वाटलं' खोडून 'झोप लागली नाही', तेही खोडून 'रडलो'. उतरवणारा असे शब्द शोधत बसत नाही.

मिसेस हॉलिसना बोलावून ते पान दाखवलं. "हे अक्षर ओळखता?"

"माझ्या आजीचं. जजची मुलगी. माझ्या बर्थडे कार्डांवर हेच असायचं."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"तुम्ही डायरी जुनी आहे का, एवढंच विचारलंत. जुनी आहे."

"आणि मूळ डायरी?"

"आजीनं जाळली, असं आई सांगायची." त्यांनी पर्स उचलली. "एवढं एक पान रिपोर्टमध्ये नाही घेतलं तर?"

मी घेतलं. कोर्टावरचं नाव उतरलं. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि रागही आला. माणसं सहसा खोटं बोलत नाहीत. विचारलं तेवढंच खरं सांगतात.