मुलीच्या हातचं सरबत

दत्तूमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याणच्या शाळेत सातवीला भूमिती शिकवत होते. फळ्यावरचा त्रिकोण अर्धाच सोडून ठाण्याला, कोपरीतल्या त्याच्या दोन खोल्यांत पोहोचले, तोवर त्याला न्यायची तयारी झाली होती. चार दिवसांनी नातेवाइकांनी वर्तमानपत्रात दिलेली बातमी वाचली आणि रडू बाजूला राहून माझ्या अंगाची लाही लाही झाली. 'औषधांच्या व्यवसायातील जुने, अनुभवी गृहस्थ...' औषधांच्या! खोपटच्या एका औषधांच्या दुकानात शेवटची सात-आठ वर्षं मामा बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचा, हे खरं. पण त्याआधीची बावीस वर्षं कुठे गेली? ती आम्ही घरच्यांनी गिळून टाकली. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझा मामा बारमन होता. फोर्टातल्या एका साहेबी क्लबात तो कॉकटेलं बनवायचा, आणि ती बावीस वर्षं तो मान वर करून कामाला गेला.

नाकं मुरडणाऱ्यांसाठी आधीच सांगते, दारूचा थेंबही त्याच्या पोटात कधी गेला नाही. कॉकटेल जमलं की नाही, हे ग्लास उजेडात धरून आणि वास घेऊन तो ओळखायचा. त्याचा जीव होता तो पाकात. जुन्या पद्धतीच्या कॉकटेलांना नुसता साखरेचा पाक चालत नाही, त्यात डिंक लागतो. असा तयार पाक विलायतेहून यायचा. लढाईत तो यायचा थांबला, तेव्हा मामाने बाभळीचा डिंक आणून स्वतःच करायला घेतला. रविवारी तो खिडकीशी बसून एकेक खडा निवडायचा, काळपट तेवढा बाजूला टाकायचा. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, ते बघून विचारायची, "का रे, कोण बाळंत झालंय?" तो हसायचा. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? तर म्हणाला, "अगं शालू, नुसत्या साखरेनं गोडी येते, अंग येत नाही. व्हिस्की सावरमध्ये लिंबू एकीकडे ओढतं, व्हिस्की दुसरीकडे. डिंक दोघांना एका घरात नांदवतो." हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा, की वर्गात इतकी वर्षं शिकवून माझा कधी तसा खुलला नसेल.

मग दारूबंदी आली आणि मामाची नोकरी गेली. सरकारवर मी रागावत नाही. दारूपायी बुडालेली घरं माझ्याही पाहण्यात आहेत. राग आहे तो आमच्या माणसांचा. काल-परवापर्यंत क्लबातला नाताळचा केक मिटक्या मारत खाणारे हेच लोक दुसऱ्या दिवसापासून सोवळे झाले! आईने फर्मान काढलं, "कुणी विचारलं तर क्लबात कारकून होतो म्हणून सांग. घरात लग्नाची मुलगी आहे." मामा म्हणाला, "कारकून? अक्का, माझं अक्षर पाहिलंयस का कधी?" कुणी हसलं नाही. पाक करायचाच असेल तर दार-खिडकी लावून कर, शेजाऱ्यांना हातभट्टी वाटेल, असंही त्याला बजावलं गेलं. तेही त्याने ऐकलं. सुधाचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न व्हायचं होतं ना...

पुढच्याच उन्हाळ्यात कल्याणचे लोक सुधाला पाहायला आले. पोहे मामीने केले, वड्या माझ्या आईने वळल्या आणि रिवाजाप्रमाणे सगळं 'मुलीनंच केलंय' म्हणून पुढे आलं. लिंबाचं सरबत मात्र मामाने केलं होतं, डिंकाचा पाक घालून. मुलाचे वडील, तात्या, एक घोट घेऊन थांबले. पेला उजेडात धरून त्यांनी थेट मामाकडे पाहिलं आणि विचारलं, "यात काय घातलंय हो?" मामा पुढे सरकून बसला. बंदी आल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "काही नाही हो, मुलीच्या हातचीच गोडी ती!" मामा पुन्हा मागे टेकला. मी समोरच होते. मीही मान डोलावली.

लग्न झालं आणि पुढची गंमत सुरू झाली. सासरी फर्माईश व्हायची, सूनबाई, ते तुमचं सरबत करा. सुधाला साधा चहा धड जमत नव्हता! मग दर उन्हाळ्यात मामा दार लावून पाक करायचा आणि मी वह्यांच्या पिशवीत बाटली दडवून कल्याणला पोचवायची. कौतुक सुधाचं व्हायचं. आल्यावर मामा मला एवढंच विचारायचा, "काय म्हणाले गं?" मी म्हणायची, आवडलं सगळ्यांना. त्याला तेवढं पुरायचं, असं मी धरून चालले होते. आज स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात तात्या सुधाला घेऊन कोपरीला भेटायला आले. ती बातमी त्यांनीही वाचली होती. मामीला म्हणाले, "औषधांचा व्यवसाय कशाला लिहिलंत? साहेबांबरोबर मी एकदा त्या क्लबात गेलेलो. बारमागे हेच उभे होते. मुलगी पाहायला आलो त्या दिवशीच मी ओळखलं त्यांना."

आईचा हात पदराकडे गेला. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलणार काय? विचारलं होतं की त्याच दिवशी, त्यांनी आपणहून सांगावं म्हणून. ते गप्प राहिले. मला वाटलं, त्यांना स्वतःलाच त्या कामाची लाज वाटते. म्हटलं, व्याह्यांची लाज आपण कशाला उघडी करा."

लाज? दत्तूमामाला? लाज आमची होती हो! ती आम्ही त्याच्या अंगावर घातली आणि तो बिचारा आमची म्हणून वागवत राहिला. हे मी तिथे मोठ्याने बोलले. आई उठून आत गेली, ती अजून माझ्याशी नीट बोललेली नाही. न बोलू दे.

सुधाच्या फडताळात यंदाची बाटली आहे, तळाला बोटभर पाक उरलेला. ती ना वापरत, ना घासायला टाकत. तात्यांनी त्या बाटलीचीच आठवण काढली आणि निघताना चपला घालता घालता वळून विचारलं, "बरं, आता तरी सांगा... ते पाक करायचे कसा?" मी मामीकडे पाहिलं, मामीने सुधाकडे. डिंक किती, पाणी किती, चुलीवरून उतरवायचा केव्हा... आमच्यातल्या एकीनेही त्याला कधी विचारलं नव्हतं.