कूलरची मोटर आणि मामाजी

सडक अर्जुनीतल्या आमच्या घरामागे छोटीशी सांदवाडी, म्हणजे परसबाग आहे. वांगी, भेंडी, वालाचा वेल, कोचईची म्हणजे अळूची पानं आणि भिंतीजवळ एक पेरू. सगळं माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. त्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं चहा आणि जेवण यापुढे कधी गेलं नव्हतं. भांडण असं काही नव्हतं. ते मुळात कमी बोलणारे, आणि मी धरून बसले होते की शाळेत शिकवणारी सून त्यांना फारशी पटत नसावी.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यात पाणी-धूळ जाऊ द्यायची नाही. सासूबाई तेव्हा केशोरीला, मोठ्या दिरांकडे होत्या, उन्हाळी धानाच्या कापणीसाठी. घरात मी, नवरा आणि मामाजी, आम्ही तिघंच.

चौथ्या दिवशी सकाळी मागे गेले तर मामाजी काळा चष्मा लावून, भरलेली बादली घेऊन वांग्यांवर ओणवे झालेले.

"मामाजी, ती बादली खाली ठेवा," मी म्हणाले. आवाज चढला होता. "डोळा गेला तर काय करायचं आम्ही?"

त्यांनी बादली ठेवली आणि आत गेले. त्या दिवशी जेवण अर्धवट सोडून उठले. दुसऱ्या दिवशीही गप्पच. बादली मीच फिरवली, पण शाळेच्या घाईत निम्मी झाडं कोरडी राहिली. मला फार वाईट वाटत होतं. माफी मागायची तर शब्द सुचेनात.

मागच्या पडवीत एक जुना कूलर पडून होता. पत्रा गंजून गेलेला, पण पाणी वर चढवणारी मोटर चांगली होती. शाळेत मी विज्ञान शिकवते, टाकाऊ वस्तूंतून मुलांकडून काहीबाही करून घेते. म्हटलं, हेही करून पाहू. मोटर प्लास्टिकच्या ड्रममध्ये सोडली, तिला काळा पाइप जोडला. सुई गॅसवर तापवून पाइपाला भोकं पाडली. विकत आणला तो फक्त प्लगमध्ये बसणारा टायमर, मोटर रोज ठरल्या वेळी आपोआप सुरू-बंद व्हावी म्हणून. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तो लोग मछली के टँक के लिए ले जाते हैं."

रविवारी मोटर चालू केली. ड्रमजवळच्या वांग्यांवर वीतभर उंचीचे फवारे उडाले. मी खूश झाले. पण पेरूच्या बाजूला थेंबही पोचेना. मी पाइप हलवला, ताणला, वर धरला. काही उपयोग झाला नाही.

"पानी चढून राहिलं ना," मागून आवाज आला. मामाजी पडवीत खुर्चीवर बसले होते. दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलत होते.

"चढतंय म्हणजे?"

"पेरूकडं जमीन उंच आहे. तू पानी उलटं कायले नेऊन राहिली?"

"मला तर सपाट दिसते."

"दिसते सपाट. तिथं बादलीभर पानी टाक, अन् सांग मले कुठं जाते थे."

मी पेरूच्या बुडाशी बादली ओतली. पाणी जरा थांबलं, मग सरळ ड्रमच्या दिशेने वाहत गेलं. जन्मभर धानाच्या बांधीत पाणी फिरवलेला माणूस, त्याला आपली जमीन डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. संध्याकाळी नवऱ्याने आणि मी ड्रम पेरूपाशी ओढत नेला, विटांवर चढवला. नवा पाइप मामाजींच्या सांगण्यावरून केला, जवळची भोकं बारीक, लांबची मोठी. त्यांनी प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं आणि दोन पुन्हा मोठी करायला लावली. या वेळी पाणी थेट दुसऱ्या टोकाच्या कोचईपर्यंत गेलं.

आठवडा छान गेला. मग एक दिवस पहाटेच वीज गेली ती उशिरा आली, आणि मोटर सकाळी सहाऐवजी नऊला, उन्हात सुरू झाली. वाळत घातलेल्या साड्यांचे काठ चिखलाचे झाले. वीज नसली की टायमरची चकती थांबते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मामाजींना ते समजावून सांगितलं. चकतीच्या कडेला बारीक खुंट्या होत्या, एक खुंटी म्हणजे पाव तास.

"आन इकडं," ते म्हणाले. नखाने खुंट्या मोजल्या, दोनदा. "लाइन किती वेळ गेली होती?"

"तीन तास."

"बारा खुंट्या." त्यांनी चकती फिरवून माझ्या हातात दिली. मी घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होती.

तेव्हापासून टायमर त्यांच्याकडे. मी शाळेतून आले की ते विचारायचे, तिकडं लाइन होती का, आणि मग बोलणं कुठल्या कुठे जायचं. एकदा चहा घेताना मी त्या बादलीच्या सकाळचा विषय काढला. म्हणाले, "तू काऊन चिडली, थे समजलं होतं मले. पन बसून खाता येत नाही मले, बाई." मी म्हटलं, "मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मले बोलता येत नाही तुमच्यासारखं," एवढंच म्हणाले.

डोळा बरा झाला, चष्मा आला, आणि मामाजी पेरणीसाठी केशोरीला गेले. आजवर त्यांचा फोन यायचा तो माझ्या नवऱ्याला. परवा सकाळी माझा मोबाइल वाजला. सासूबाईंची कंबर दुखते, त्यांच्या भाजीला पाणी द्यायला असंच काही करायचं होतं, मोटर कोणती घ्यावी म्हणून विचारत होते. मोटरवरून गोष्ट वेलावर गेली, वेलावरून माझ्या शाळेतल्या मुलांवर. नवरा दाढी करता करता बाहेर आला.

"कोणाचा फोन?"

"मामाजींचा."

"दे की मला."

मी फोन पुढे केला, पण मामाजींनी तोवर ठेवून दिला होता. नवरा साबण लावलेल्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिला, आणि मी पोळ्या करायला आत गेले.