खड्ड्याचे एकशे ऐंशी

अर्थिंगचा खड्डा नको म्हणणाऱ्याच्या घरी मी पक्कड उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, पंढरी वायरमन लई माजला. म्हणू द्या. मी एकदा ऐकून घेतलं, अन् ज्याचं ऐकलं तो माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं आहे.

त्याचं नाव माणिकप्पा. लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत त्याचं किराणा दुकान, अन् दुकानाच्या मागंच घर. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. साहेब लोक बदलून येऊ लागले, ज्याला त्याला भाड्यानं द्यायला खोल्या काढायच्या होत्या, म्हणून मी हदगाव सोडून इकडं आलो. काम बक्कळ. पण त्या गल्लीचा एक रिवाज होता. वायरमननं इस्टिमेट दिलं की घरमालक तो कागद घेऊन आधी अप्पाकडं जायचा.

अप्पा वायरचा भाव तीन दुकानांत विचारून ठेवायचा. खोली स्वतः पावलांनी मोजून यायचा. बटण, होल्डर हातात घेऊन उलटंपालटं करून बघायचा. बरोबर असलं की बरोबरची खूण, लबाडी दिसली की काट. माझ्या पहिल्याच कागदावर त्यानं मजुरी पाच रुपयांनी वाढवली. म्हणला, "एवढ्यात पोट भरतंय का तुझं? कमी सांगणारा बी खोटंच सांगतो." त्या दिवसापासून मी त्याला मानायला लागलो.

खोड एकच. जे डोळ्याला दिसत नाही, काट्यावर चढत नाही, त्याचा पैसा तो देत नव्हता.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आठ दिवसांनी टँकर यायचा, अप्पाच्या अंगणातल्या हौदात पाणी सोडायचा, अन् एक जुनी मोटार ते पाणी लोखंडी पाइपातून नळाला आणायची. संक्रांत झाली अन् अप्पानं मला बोलावलं. दोन खोल्यांची फिटिंग करायची होती, मोटारीलाही नवी वायर टाकायची होती.

मोटार बघितली अन् मला काही बरं वाटलं नाही. हौद तळाला गेला की ती कोरडीच फिरायची, तापायची, जळका वास मारायची. घराची जुनी अर्थिंग मोरीच्या कडेला पुरलेली. पण मोरीत आता पाणी जातच नव्हतं. अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडाला. तिथली जमीन भेगाळून गेली होती. कोरड्या मातीत वीज जिरत नाही. मोटारीतून गळालीच, तर ती पाइपात येऊन बसणार, अन् नळ धरणाऱ्याच्या अंगातून खाली उतरणार.

म्हणून मी कागदावर लिहिलं, नवी अर्थिंग. खड्डा, लोखंडी पट्टी, दहा किलो मीठ, दहा किलो कोळसा. एकशे ऐंशी रुपये. खाली हेही लिहिलं, की दर आठवड्याला खड्ड्यात दोन घागरी पाणी घालावं.

अप्पानं ते दुकानात मोठ्यानं वाचलं.

"पंढरी, तीस वर्षं झाली, मी मीठ विकून राहिलो. मीठ पुरल्यानं वीज सुधारते, हे आज कळालं."

"अप्पा, वीज गळाली तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे."

"अन् पाणी? लोक एका घागरीसाठी डोकी फोडून राहिले, अन् तू मातीला पाजायला सांगतोस?"

दुकानातले चार जण हसले. अप्पानं काट मारली.

माझं डोकं फिरलं. चार लोकांत मला लबाड ठरवलं होतं. नको तर नको, मला काय, असं म्हणून मी कामाला लागलो. खरं तर ती मोटार मी जोडायलाच नको होती. पण घुश्शात जोडली, पैसे मोजून घेतले, अन् निघालो.

महिन्याभरानं अप्पाच्या बायकोनं, दानम्माक्कांनी, मला रस्त्यात हाक मारली. त्या वर्षीसुद्धा दारात आलेल्याला प्यायला पाणी देणारी बाई ती.

"पंढरी, नळाला हात लावला की मुंग्या येतात रे. सकाळच्यालाच येतात. बाकी कुणाला काही होत न्हाई."

बाकीचं घर रबरी चपला घालून वावरायचं. अक्का मात्र सकाळी अंघोळ करून, ओल्या अंगानं, अनवाणी, मडीनं म्हणजे सोवळ्यानं नळावर यायच्या. इष्टलिंगाच्या पूजेला ताजं पाणी तांब्यात धरायच्या.

मी घरात जाऊन मोटार चालू केली, नळाला टेस्टर लावला. आतला दिवा मिणमिणला. अप्पाला बोलावून दाखवलं. त्यानं चपलेसकट पुढं येऊन नळ मुठीत धरला.

"कुठाय वीज? मला तर काही लागंना."

"चपलेमुळं, अप्पा."

"टेस्टर तुझा, खड्डा तुझा, अन् साक्ष बी तुझीच. विकणाऱ्यानंच काटा आणायचा अन् त्यानंच तोलायचं, असं कुठं असतं का?" मग बायकोकडं वळला. "तुझ्या मनाचे खेळ हायत."

मी मोटारीची वायर ओढायला हात घातला. अप्पानं मनगट धरलं. म्हणला, पाण्याविना घर कसं चालवू, ते तरी सांग. मी हात काढून घेतला.

निघताना अक्कांना म्हणलं, "मोटार चालू असताना नळाला शिवू नका. पूजेचं पाणी रात्रीच काढून ठेवा."

"शिळं पाणी देवाला चालतं का रे?" त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीठ तर दुकानात हायच. पाऊस पडू दे, मग मी सांगते त्यांना."

चैत्रातला सोमवार होता. मी रेणापूरला कामावर होतो. लातूरहून आलेल्या गवंड्यानं सांगितलं, की माणिकप्पाच्या घरची बाई नळाला चिकटून गेली. कोण ते मी विचारलं नाही. हातातली पक्कड तिथंच टाकली अन् मोटारस्टँडकडं पळालो.

अप्पा नळापाशी बसला होता. पायात चपला नव्हत्या. मला वाटलं, हा माणूस आता माझं नरडं धरंल. धरलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, भोवती विभूती अन् मीठ घालतात. स्वामींनी मीठ मागितलं, तर अप्पा स्वतः उठला, दुकान उघडलं, अन् होती नव्हती ती सगळी पोती बाहेर काढली. काट्याकडं बघितलं सुद्धा नाही.

मसणवट्यात तो गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. खाली खड्ड्यात माणसं मिठाचं पोतं सोडत होती.

"पंढरी," तो हळू आवाजात म्हणला, "तू दहा किलोच म्हणला होतास ना?"

"हाव, अप्पा."

त्यानं मान हलवली. मी खाली वाकून एक मूठ मीठ टाकलं.